रोपं का दगावतात?

ज्वारी, बाजरी, तूर आपण थेट शेतात पेरतो. टोमॅटो आणि मिरची आपण तशी पेरत नाही. आधी वाफ्यात बी टाकतो, रोपं तयार करतो, आणि महिन्याभराने ती उपटून शेतात लावतो. असं का करतो? कारण या दोन्हींचं बी फार बारीक आहे. टोमॅटोचं साधारण 300 बी मिळून एक ग्रॅम भरतं. इतकं नाजूक बी ढेकळांच्या शेतात टाकलं, तर त्याची राखण कोण करणार? वाफा लहान असतो. तिथे झारीने पाणी घालता येतं, तण काढता येतं, ऊन-पावसापासून आडोसा करता येतो. एक एकर टोमॅटो लावायचा असेल, तर साधारण एक गुंठ्यात त्याची रोपं तयार होतात.

पण याच महिन्याभरात पुष्कळांची रोपं हातची जातात. कुणाची वाफ्यातच आडवी पडतात. कुणाची दोऱ्यासारखी लांब आणि फिकी होतात. कुणाची शेतात लावल्यावर माना टाकतात. कुणाची पानं गोळा होतात आणि झाड वाढतच नाही. मग माणूस म्हणतो, 'बियाणंच फसवं निघालं.' नाहीतर म्हणतो, 'नजर लागली.' बियाणं कधी कधी खराब निघतं, हे खरं. पण बहुतेक वेळा कारण आपल्याच हातातलं असतं. जास्त पाणी, दाट पेरणी आणि घाई, ही तीन मुख्य कारणं. शेतात दिसणारा रोग पुष्कळदा वाफ्यातूनच आलेला असतो.

आधी बियाण्याचंच पाहू.

बंधुभगिनींनो, तुम्ही आता वाचायला शिकला आहात. बियाण्याचं पाकीट घेतलंत, की आधी ते वाचा. त्यावर वाणाचं नाव असतं. लॉट नंबर असतो. बियाणं कधी तपासलं आणि ते कधीपर्यंत वापरावं, त्या तारखा असतात. काही पाकिटांवर अक्षरं इंग्रजी असतात. तेव्हा निदान तारखा आणि आकडे वाचा, बाकीचं शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्या. तारीख उलटून गेली असेल, तर पाकीट दुकानदाराला परत द्या. भिडेखातर घेऊ नका. उगवणीचा आकडाही पाहा. प्रमाणित बियाण्यात टोमॅटोचं शंभरातलं निदान 70 बी उगवलं पाहिजे, मिरचीचं निदान 60. पावती आणि रिकामं पाकीट पीक निघेपर्यंत जपून ठेवा. तक्रार करायची वेळ आली, तर तोंडी बोलण्याला वजन नसतं, कागदाला असतं.

शंका असेल, तर घरीच परीक्षा घ्या. ओल्या फडक्यात 100 बी मोजून गुंडाळा. संकरित बी महाग असतं, तिथे 20 घेतलं तरी चालेल. फडकं ओलसर ठेवा, त्यातून पाणी टपकता कामा नये. टोमॅटोचं बी आठ-दहा दिवसांनी मोजा, मिरचीचं दोन आठवड्यांनी. किती उगवलं, ते लिहून ठेवा. निम्मंच उगवलं, तर तो दोष वाफ्याचा नाही, हे पेरण्याआधीच कळतं.

पाकिटातलं बी गुलाबी किंवा हिरव्या रंगाचं दिसलं, तर त्याला आधीच औषध चोळलेलं आहे असं समजा. त्याला पुन्हा औषध लावू नका. हात साबणाने धुवा, आणि उरलेलं बी मुलांच्या हाती लागू देऊ नका.

आता वाफा. मागच्या वर्षी जिथे मिरची, वांगी, टोमॅटो, बटाटा किंवा तंबाखू होता, तिथे वाफा करू नका. ही पाचही एकाच कुळातली भावंडं आहेत. एकाचा रोग दुसऱ्याला होतो. मिरची, टोमॅटो, बटाटा आणि तंबाखू ही मूळची आपली नव्हेत. ती अमेरिका खंडातून आली. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी आणली. त्याआधी आपल्याकडे तिखटाला मिरी होती. वांगं मात्र आपल्याकडचं जुनं.

वाफा झाडाच्या सावलीत नको आणि पाणी साचेल अशा खोलगट जागीही नको. गादीवाफा करावा. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद, आणि जमिनीपासून चांगला वीतभर उंच. एक मीटरच रुंद का? दोन्ही बाजूंनी बसून हात मधोमध पोचावा म्हणून. तण काढायला वाफ्यात पाय ठेवावा लागला, की माती दबते आणि पाणी मुरत नाही. वाफा उंच अशासाठी, की पावसाचं पाणी मुळाशी न थांबता निथळून जावं. वाफ्यात चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. ओलं शेण घालू नका. त्यातून हुमणी येते, आणि बुरशीलाही फावतं.

बी मुठीने फोकून देऊ नका. बोटाने बारीक रेघा ओढा. दोन रेघांमध्ये चार बोटं अंतर ठेवा. रेघ नखाइतकी खोल पुरे. बी विरळ टाका, वर चाळलेलं शेणखत भुरभुरा, आणि वाळलेलं गवत अंथरून झारीने पाणी द्या. टोमॅटो पाच ते आठ दिवसांत वर येतो. मिरचीला आठ ते बारा दिवस लागतात, थंडीत त्याहून जास्त. काही उतावळे लोक सहाव्या दिवशी मिरचीचं बी उकरून पाहतात. उकरलेलं बी मग उगवत नाही, आणि दोष दुकानदाराला जातो. थंडीत पेरलं असेल, तर रात्री वाफ्यावर गोणपाट टाका आणि सकाळी काढा. कोंब दिसू लागले, की अंथरलेलं गवत संध्याकाळच्या वेळी काढून घ्या. ते दोन दिवस जास्त राहिलं, तर रोपं त्याखाली वाकडी आणि पिवळी होतात.

यापुढचा आठ-पंधरा दिवसांचा काळ सगळ्यात धोक्याचा. रोप उगवून आलेलं असतं, दोन पानं दिसतात, आणि एका सकाळी काही रोपं आडवी पडलेली दिसतात. कापल्यासारखी नव्हे, तर जमिनीलगत खोड पिचून, पाणी भरल्यासारखं मऊ होऊन. याला कुणी मर म्हणतात, कुणी रोपं कोलमडणे म्हणतात. मातीतल्या बुरशीचं हे काम आहे. माती सतत ओली, रोपं दाट, हवा ढगाळ, हे तिघं जमले की बुरशीची चंगळ होते. ती एका जागी सुरू होते आणि गोल गोल पसरत जाते.

आमच्या शेजारच्या गावात एक विधवा बाई आहेत. दीड एकर जमीन, दोन मुलं, घरात म्हातारी सासू. बचत गटातून कर्ज काढून त्यांनी एक एकराला पुरेल इतकं संकरित टोमॅटोचं बी आणलं. जून महिना होता. वाफा सपाट होता, बी दाट पडलं होतं. आभाळ भरून आलेलं, तरी बाई सकाळ-संध्याकाळ पाणी घालीत. बाराव्या दिवशी ताटाएवढ्या जागेतली रोपं पडली. बाईंना वाटलं, तहानेने सुकली. म्हणून आणखी पाणी घातलं. चौथ्या दिवशी ताटाचं सूप झालं. सासूबाईंनी वाफ्यावर लिंबू-बिब्बा बांधला. सासूबाईंचा जीव नातवंडांसाठी तुटत होता, त्यांना हसण्याचं कारण नाही. पण बुरशीला लिंबाची ओळख नसते.

इथेच पुष्कळांची फसगत होते. कोलमडलेलं रोप सुकलेलं दिसतं. सुकलेलं दिसलं, की हात झारीकडे जातो. पण ते पाण्यावाचून सुकत नाही. खालचं खोड कुजलं, म्हणून पाणी वर चढत नाही. म्हणून पाणी देण्याआधी मातीत बोट घाला. दुसऱ्या पेरापर्यंत बोट घातलं आणि माती ओलसर लागली, तर त्या दिवशी पाणी नको. पाणी द्यायचं ते सकाळी द्यावं, म्हणजे संध्याकाळपर्यंत वरची माती सुकते.

त्या बाईंच्या वाफ्याकडे एका शेजाऱ्याचं लक्ष गेलं. त्याने पाणी बंद करायला लावलं. वाफ्याच्या दोन्ही अंगांनी चर काढून दिले. मेलेली रोपं मुळाशी असलेल्या मातीसकट खरवडून लांब पुरली. दाट रोपं विरळ केली. मग 10 लिटर पाण्यात 30 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड कालवून ते झारीने मुळाशी ओतलं. पडलेली रोपं काही उठली नाहीत. ती उठतही नसतात. पण पुढची पडायची थांबली. एक एकराऐवजी बाईंना अर्ध्या एकरावर भागवावं लागलं. गटाचे हप्ते मात्र त्या अर्ध्या एकरातूनच फिटले.

रोग येऊच नये यासाठी दोन उपाय आहेत. पहिला बीजप्रक्रियेचा. ट्रायकोडर्मा नावाची एक उपकारी बुरशी दुकानात पुडीत मिळते. ती वाईट बुरशीला वाढू देत नाही. एक किलो बियाण्याला 5 ग्रॅम हे तिचं प्रमाण. म्हणजे 100 ग्रॅम बियाण्याला अर्धा ग्रॅम, चिमूटभरच. बी किंचित ओलं करून ती चोळावी, आणि सावलीत सुकवून पेरावं. रंगीत औषध लावलेल्या बियाण्याला मात्र ती लावू नये. ते औषध या उपकारी बुरशीलाही मारू शकतं. तिथे ती शेणखतात मिसळून वाफ्यात घालावी.

दुसरा उपाय उन्हाचा, आणि तो जवळजवळ फुकट. एप्रिल-मे महिन्यात वाफा तयार करून भिजवावा. त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिकचा कागद पसरावा आणि कडा मातीने दाबून टाकाव्यात. चार ते सहा आठवडे तसाच ठेवावा. आत माती इतकी तापते, की बुरशी, किडींची अंडी आणि तणांचं बी बरंचसं मरून जातं. आपले वाडवडील वाफ्यावर पालापाचोळा आणि शेण जाळून राब करीत. त्यानेही वरची माती तापत असे. कागदाने ते काम धुराशिवाय होतं.

रोपं लांबट आणि फिकी होतात, त्याचं कारण सोपं आहे. त्यांना उजेड कमी पडतो. दाटीत प्रत्येक रोप उजेडासाठी मान वर काढतं. म्हणून रोपं दोन पानांवर असतानाच विरळ करावीत. जास्तीची रोपं उपटू नयेत, कात्रीने खुडावीत. उपटली तर शेजारच्याची मुळं हलतात. रोपं फिकी दिसली म्हणून युरियाची मूठ टाकणारे पुष्कळ आहेत. तसं करू नका. रोपं हिरवीगार आणि उंच दिसतात खरी, पण खोड लुसलुशीत राहतं, आणि शेतात नेल्यावर पहिल्या वाऱ्याला ते मोडतं.

आता पानं गोळा होण्याविषयी. मिरचीत याला बोकड्या किंवा चुरडामुरडा म्हणतात. हे नाव एकच, पण कारणं निरनिराळी. पान हातात घेऊन नीट पाहा. पानाच्या कडा वर वळून होडीसारखा आकार झाला असेल, तर बहुधा फुलकिडे आहेत. कडा खाली वळल्या आणि पानाचा देठ लांबला असेल, तर कोळी नावाची बारीक कीड असते. पानं बारकी, गोळा झालेली, आणि झाडाची वाढच खुंटलेली असेल, तर विषाणूचा रोग समजावा. टोमॅटोतही हा रोग फार नुकसान करतो. पांढरी माशी आजारी झाडाचा रस शोषते, मग आपल्या रोपावर बसते, आणि रोग देऊन जाते.

विषाणूच्या रोगाला औषध नाही, हे नीट लक्षात घ्या. कुणी बाटली दाखवून 'याने बोकड्या बरा होतो' म्हणाला, तर पैसे खिशातच ठेवा. औषधाने माशी मरते, पण आजारी झाड बरं होत नाही. आणि रोपाला हा रोग वाफ्यातच झाला, तरी तो तेव्हा दिसत नाही. शेतात लावून दोन-तीन आठवडे झाले, की दिसतो. तोवर मजुरी, खत, पाणी सगळं घालून झालेलं असतं. म्हणून राखण वाफ्यातच केली पाहिजे. वाफ्यावर काड्यांच्या कमानी करून पांढरी नायलॉनची जाळी टाका. दुकानात 40 किंवा 50 मेशची जाळी म्हणून मागा. कडा मातीने दाबा. जाळी धुऊन पुन्हा वापरता येते. शेताच्या कडेने मक्याच्या दोन ओळी आधीच लावून ठेवल्या, तर उडत येणारी कीड तिथे अडते. पिवळे चिकट कागद टांगले, तर माशी आणि मावा त्यांना चिकटतात. निळ्या कागदाला फुलकिडे चिकटतात. एखादं झाड आजारी दिसलं, तर दया न करता उपटून पुरून टाका.

इथे तंबाखूचा विषय काढलाच पाहिजे. तंबाखूत एक विषाणू असतो. विडी-तंबाखूच्या हाताने रोपाला हात लावला, की तो मिरची-टोमॅटोच्या रोपात शिरतो आणि पानांवर फिकट-गर्द हिरवे चट्टे पडतात. रोपं लावायला येणाऱ्या माणसांनी आधी साबणाने हात धुवावेत. तंबाखू माणसालाही वाईटच, पण ते आम्ही किती वेळा सांगावं! निदान रोपासाठी तरी हात धुवा.

2020 च्या मे महिन्यात आपल्या राज्यात टोमॅटोच्या फळांवर वेगळ्याच रंगाचे पट्टे दिसू लागले. करोनाचे दिवस होते. हे टोमॅटो खाल्ले तर माणसाला रोग होतो, अशी आवई उठली. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत नमुने तपासले, तेव्हा त्यांत झाडांचेच विषाणू सापडले. झाडाचा विषाणू माणसाला आजारी पाडीत नाही. आजारी झाडाचा तोटा शेतकऱ्याच्या खिशाला होतो, खाणाऱ्याच्या पोटाला नव्हे.

पानं चिंबण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ते म्हणजे फवारणीचा पंप. उसात किंवा गव्हात तण मारायला टू-फोर-डी नावाचं औषध फवारतात. तोच पंप नुसता विसळून टोमॅटोवर वापरला, तर पानं पिळवटतात. टोमॅटो या औषधाला फार हळवा आहे. शेजारच्या शेतातून वाऱ्याने उडून आलेले तुषारही त्याला पुरतात. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. पंप एकच असेल, तर तणनाशकासाठी दुसऱ्याचा मागून आणा, पण आपला बाटवू नका.

टोमॅटोचं रोप 25 ते 30 दिवसांत लावायला येतं, मिरचीचं 30 ते 40 दिवसांत. टोमॅटो वीतभर उंच, पाच-सहा पानांचा, पेन्सिलीसारख्या ताठ खोडाचा असावा. लावण्याआधी आठवडाभर पाणी कमी करा आणि जाळी थोडी थोडी वेळ काढून ठेवा. म्हणजे रोप काटक होतं. उपटण्याच्या आदल्या दिवशी मात्र वाफा भिजवा. कोरड्या मातीतून रोप ओढलं, की मुळं तुटून मातीतच राहतात. आमच्या पाहण्यात शेतात दगावलेली रोपं पुष्कळदा अशीच, ओढून काढलेली असतात.

लावणी उन्हं उतरल्यावर करा. सकाळी लावलेलं रोप दुपारी भाजून निघतं, संध्याकाळी लावलेल्याला सावरायला रात्र मिळते. टोमॅटोचं रोप थोडं लांबट झालं असेल, तर खालची पानं काढून खोड खोलवर लावा. त्या खोडाला नवी मुळं फुटतात. मिरचीला ही युक्ती लागू नाही. मिरची वाफ्यात जितकी खोल होती, तितकीच शेतात लावावी. टोमॅटोला दोन ओळींत तीन फूट आणि दोन रोपांत एक ते दीड फूट अंतर ठेवा. मिरचीला दोन फूट आणि दीड फूट. माती मुळाशी हलकेच दाबा आणि लगेच पाणी द्या. तीन-चार दिवसांनी हलकं पाणी, म्हणजे आंबवणी, द्यावी. दुपारी रोपं थोडी माना टाकतात. संध्याकाळी ती आपणहून उभी राहिली, तर घाबरू नका. संध्याकाळीही पडलेलीच दिसली, तर मूळ उकरून पाहा. मुळांवर गाठी असतील, तर सूत्रकृमी आहेत. त्या शेतात पुढच्या खेपेला झेंडू घ्या, आणि ही भावंडं दोन-तीन वर्षं तिथे आणू नका.

सकाळी रोप जमिनीलगत कुरतडून पडलेलं दिसलं, तर बुरशीला दोष देऊ नका. बुंध्याशी माती उकरा. मातकट रंगाची, वेटोळं करून बसलेली अळी सापडेल. ती रात्री खाते आणि दिवसा लपते. थोड्या शेतात हाताने वेचून मारणं सगळ्यात स्वस्त. मेलेल्या रोपांच्या जागी आठ-दहा दिवसांच्या आत नांग्या भरा. त्यासाठी वाफ्यात थोडी रोपं राखून ठेवलेली असावीत. उशिरा भरलेलं रोप मोठ्या झाडांच्या सावलीत खुरटतं.

हल्ली पुष्कळ जण वाफा न करता रोपवाटिकेतून ट्रेमधली रोपं विकत आणतात. त्यात वेळ वाचतो. पण आणताना एक-दोन रोपं ट्रेमधून काढून पाहा. मुळं पांढरी आणि ताजी असावीत. ती तपकिरी, किंवा ट्रेच्या घरात गोल गोल गुंडाळलेली असतील, तर रोप जुनं झालं आहे. पान उलटं करून पांढरी माशी आहे का, तेही पाहा. वाण कोणता, रोपं किती, तारीख काय, हे पावतीवर लिहून घ्या.

औषध घ्यायचीच वेळ आली, तर बाटलीवरचा रंगीत त्रिकोण पाहा. लाल म्हणजे अति विषारी. पिवळा त्याच्या खालोखाल, मग निळा, आणि हिरवा त्यांत सौम्य. सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं. दुकानदार म्हणाला 'झाकणभर जास्त टाका', तरी लिहिलेलंच प्रमाण पाळा. पिकाचं नाव बाटलीवर नसेल, तर ते औषध त्या पिकावर मारू नका, आणि गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा. फवारल्यावर किती दिवस फळ तोडायचं नाही, तेही तिथेच वाचायला मिळतं. टोमॅटो पोरं बांधावर तोडून तसाच खातात, म्हणून त्या दिवसांचा आकडा घरात सगळ्यांना सांगून ठेवा.